शाफ्ट नेमका तिथेच का तुटतो?

तुटलेला शाफ्ट, म्हणजे यंत्रातला फिरता दांडा, घेऊन लेथवाल्याकडे येणारा माणूस बहुतेक वेळा एकच सांगतो, "या वेळी जरा जाड मटेरियल टाका." यंत्र उसाचा चरक असो, पिठाची गिरणी असो, यंत्रमाग असो की कारखान्यातला कन्व्हेयर. जाड शाफ्ट बसतो, काही महिने चालतो आणि पुन्हा तिथेच तुटतो: बेअरिंगच्या खांद्यापाशी (शाफ्टचा व्यास बदलतो त्या पायरीपाशी), नाहीतर पुलीच्या की-वेपाशी (पुली अडकवणारी की जिच्यात बसते त्या खाचेपाशी). मधला सरळ, गुळगुळीत भाग क्वचितच तुटतो. तुटायची जागा आणि वेळ दोन्हींमागे हिशेब असतो, आणि त्यातला बराचसा शाळेतल्या गणितावर उमगतो. तो इथे एका साध्या शाफ्टवरच मांडतो.

सुरुवात भारापासून करू. भार किती, एवढ्याने काही ठरत नाही. तो किती जागेवर वाटला गेला, यावर सगळं अवलंबून. २० मिलिमीटर व्यासाच्या सळईला एक टन वजन टांगलं तर ओढ सुमारे ९,८०० न्यूटनची. सळईचा छेद ३१४ चौरस मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरच्या वाट्याला ३१ न्यूटन आले. हाच स्ट्रेस (पुढे स्ट्रेसचे आकडे नुसत्या न्यूटनमध्ये दिलेत, ते दर चौरस मिलिमीटरचे). सळई १० मिलिमीटरची घेतली तर छेद पाव होतो आणि स्ट्रेस चौपट, १२५ न्यूटन. साधं माइल्ड स्टील साधारण २५० न्यूटनपर्यंत रबरासारखं वागतं: भार काढला की मूळ मापावर येतं. त्यापुढे गेलं की कायमचं लांबतं किंवा वाकतं, आणि ४१० च्या आसपास एकाच ओढीत तुटतं. १० मिलिमीटरच्या सळईलाही त्या एक टनाचं काही वाटू नये, असं कागद सांगतो.

पण यंत्रात सरळ ओढ खाणारे भाग थोडे. काही भाग दाब खातात, काही कातरले जातात, आणि शाफ्टच्या नशिबी मुख्यतः दोन गोष्टी येतात: वाक आणि पीळ. दांडा वाकला की त्याची एक बाजू ताणली जाते, समोरची दाबली जाते आणि मधोमध जवळपास काहीच होत नाही. पिळाचंही तसंच, केंद्रात शून्य आणि बाहेरच्या कातडीवर सर्वात जास्त. भार पेलण्याचं काम बाहेरचं मटेरियल करतं, गाभा बराचसा बसून असतो. ५० मिलिमीटरच्या भरीव शाफ्टमध्ये २५ मिलिमीटरचं आरपार भोक पाडलं तर वजन पंचवीस टक्क्यांनी घटतं, ताकद मात्र जेमतेम सव्वासहा टक्क्यांनी. ट्रकच्या पोटाखालचा लांब शाफ्ट पोकळ नळीचा असतो तो म्हणूनच.

यातूनच डिझाइनमधला फार कामाचा नियम निघतो. वाक आणि पीळ या दोन्हींत स्ट्रेस व्यासाच्या घनाने घटतो. ४० चा शाफ्ट ५० चा केला तर व्यास सव्वापट होतो, पण ताकद सव्वाचा घन, म्हणजे जवळपास दुप्पट. त्यामुळे "जाड टाका" ही मागणी मुळात चुकीची नाही. ती कुठे फसते, ते पुढे येईल.

आता आपला शाफ्ट घेऊ. ५ एचपीची मोटर, १४४० आरपीएम (मिनिटाला फेरे), तिच्याच वेगाने फिरणारा २५ मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा शाफ्ट. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट. या वेगाला पीळ येतो साधारण २४.५ न्यूटन-मीटर आणि त्याचा शाफ्टवरचा स्ट्रेस फक्त ८ न्यूटन. जिथे मटेरियल २५० ला वाकणार, तिथे ८. हाच वेग गिअरबॉक्सने दहापट कमी केला तर पीळ दहापट वाढतो आणि स्ट्रेस ८० वर जातो. गिअरबॉक्सच्या मोटरकडच्या बाजूला बारीक शाफ्ट आणि दुसरीकडे मनगटाएवढा जाड शाफ्ट दिसतो, त्याचं कारण हे. एचपी दोन्हीकडे एकच, पण वेग उतरला की पीळ चढतो.

आठ न्यूटन पिळाने शाफ्ट तुटणार नाही, हे उघड आहे. मग बेल्टकडे बघायला हवं. या शाफ्टवर १०० मिलिमीटरची पुली आहे, तर पीळ पोचवायला बेल्टच्या दोन बाजूंच्या ओढीत ४९० न्यूटनचा फरक लागतो. बेल्ट घसरू नये म्हणून सैल बाजूलाही थोडी ओढ ठेवावी लागते. दोन्ही बाजू मिळून शाफ्टला आडवी ओढ हजार न्यूटनच्या घरात जाते, म्हणजे शंभर किलो. पुली बेअरिंगपासून १०० मिलिमीटर बाहेर लटकत असेल तर बेअरिंगपाशी वाकाचा स्ट्रेस होतो ६५ न्यूटन. पिळाचे ८ आणि वाकाचे ६५. बेल्ट घसरतो म्हणून कुणी मोटर मागे ओढून तो दुप्पट ताणला, तर १३०. तीच पुली सरकवून बेअरिंगपासून ५० मिलिमीटरवर आणली, तर ६५ चे साडेबत्तीस. एक पैसाही खर्च न करता शाफ्टवरचा ताण निम्मा होतो, आणि तरीही पुली बाहेर लटकलेली यंत्रं जागोजागी दिसतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हा बदल मापपट्टी आणि एक पान्हा घेऊन करण्यासारखा आहे.

तरीसुद्धा १३० हा आकडा २५० च्या निम्माच आहे. इथे दुसरी गोष्ट येते: फेरे.

बेल्ट शाफ्टला कायम एकाच दिशेला ओढतो, पण शाफ्ट फिरतो. त्याच्या कातडीवरचा कुठलाही एक ठिपका घ्या. तो बेल्टच्या विरुद्ध बाजूला असताना ताणला जातो, अर्ध्या फेऱ्यानंतर बेल्टच्या बाजूला आला की दाबला जातो, पुन्हा ताणला जातो. १४४० आरपीएमला एका तासात ८६,४०० वेळा. दहा लाख वेळा व्हायला बारा तासही लागत नाहीत. लोखंडी तार हाताने एका ओढीत तुटत नाही, पण मागेपुढे वाकवत राहिलं की तुटते. शाफ्टचा वाक डोळ्यांना दिसत नाही इतका कमी असतो, पण फेरे कोट्यवधी असतात.

हे कळायला माणसांची फार मोठी किंमत द्यावी लागली. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गर्दीच्या आगगाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस तुटला. मागचे डबे एकमेकांवर चढले, आग लागली, आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे डब्यांची दारं बाहेरून बंद होती. पन्नासहून जास्त माणसं गेली. द्युमाँ द्युर्विल हा जगप्रवास केलेला दर्यावर्दी त्यात कुटुंबासह गेला. तेव्हाचा समज असा होता की हादरे बसून लोखंडाचं आतून 'स्फटिकीकरण' होतं आणि ते ठिसूळ बनतं. विल्यम रँकिन या पंचविशीही न गाठलेल्या स्कॉटिश इंजिनिअरने तुटलेले आस तपासले आणि १८४३ मध्ये वेगळंच मांडलं. आसाचा व्यास जिथे एकदम बदलतो, त्या खांद्यापाशी बारीक तडा सुरू होतो आणि तो हळूहळू आत सरकतो. खांद्याला गोलाई द्या, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे प्रशियातल्या रेल्वेत ऑगस्ट व्योलर याने आस फिरवत वाकवणारी यंत्रंच बांधली, वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या आणि १८७० मध्ये सगळं एकत्र छापलं. त्यातून दिसलं की एका फटक्यात तुटायला लागणाऱ्या स्ट्रेसपेक्षा खूप कमी स्ट्रेस पुरेसा असतो, फक्त तो पुन्हा पुन्हा यावा लागतो. आणि एक दिलासाही मिळाला. पोलादाच्या बाबतीत एका मर्यादेखाली राहिलात तर कितीही फेरे झाले तरी दांडा टिकतो. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा सापडत नाही, म्हणून विमानाचे भाग ठरावीक तासांनी तपासावेच लागतात.

ही मर्यादा पोलादाच्या तुटण्याच्या ताकदीच्या निम्मी धरतात, पण ती आरशासारख्या पॉलिश केलेल्या छोट्या नमुन्याची. ४१० च्या माइल्ड स्टीलला २०५. प्रत्यक्षातल्या शाफ्टवर लेथच्या टूलच्या रेषा असतात, माप मोठं असतं, म्हणून १५० ते १६० धरणं शहाणपणाचं. आता बारा तासांत दहा लाख फेरे घेणाऱ्या आपल्या शाफ्टला २५० चा आधार राहिला नाही, १५० चा राहिला.

उरलेला घोटाळा आकार करतो. पाटाच्या पाण्यात मधे दगड आला की पाणी त्याच्या दोन्ही कडांनी दाटून, जोरात वळसा घालतं. दांड्यातून जाणारा भारही कोपऱ्यापाशी तसाच दाटतो. रुंद पट्टीला एक गोल भोक पाडून ती ओढली तर भोकाच्या काठावरचा स्ट्रेस सरासरीच्या तिप्पट होतो. भोक लहान असो वा मोठं, पट्टी त्या मानाने रुंद असली की तिप्पटच. १८९८ मध्ये जर्मनीतल्या कीर्श याने हे गणिताने दाखवलं. १९१३ मध्ये इंग्लंडच्या इंग्लिस याने लंबगोल भोकाचं गणित केलं. भोक ओढीला आडवं, रुंदीपेक्षा दहापट लांब असेल, तर टोकाशी स्ट्रेस एकवीसपट. तड्याचं टोक तर सुईपेक्षा बारीक, तिथे काय होत असेल याचा अंदाज यावरून येतो. लोखंडी पत्र्याला तडा गेला की जुने फिटर तड्याच्या टोकाला ड्रिलने छोटं भोक पाडतात, ते याच कारणाने. एकवीसपटीचं तीनपटीवर येतं आणि तडा काही काळ थांबतो. ड्रिल टोकाच्या अलीकडे पडला तर मात्र काही उपयोग नाही, टोक डाय-पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) लावून नीट शोधावं लागतं.

शाफ्टवर हे दोन ठिकाणी घडतं. एक, की-वेपाशी: खाचेच्या तळाचा काटकोनी कोपरा आणि एंड मिल (खाच कोरणारं उभं कटर) थांबते ते टोक. इथे स्ट्रेस दीड ते दोन पट धरतात. डिस्क कटरने कापलेल्या की-वेचं टोक उताराने वर येतं, म्हणून वाकासाठी तो बरा. दुसरं ठिकाण खांदा, म्हणजे व्यास बदलतो ती पायरी. टोकदार टूलने काटकोनात काढलेली पायरी स्ट्रेस दुप्पट करते, कधी त्याहून जास्त. मूळच्या ६५ चे तिथे १३० होतात, १५० च्या खाली, पण काठावर. बेल्ट करकचून ताणलेल्या शाफ्टच्या १३० चे २६० होतात आणि मग तो किती दिवस चालेल एवढाच प्रश्न उरतो.

आता "जाड टाका" कुठे फसतं ते बघा. बेअरिंग २५ चं आहे. नवं बेअरिंग आणि नवं हाउसिंग कुणी बदलत नाही, कारण खर्च वाढतो. म्हणून शाफ्टचा मधला भाग ३० चा ४० होतो आणि बेअरिंगची जागा २५ चीच राहते. तुटत होतं ते २५ च्या टोकाशी, आणि तिथलं मटेरियल तिळमात्र वाढलेलं नाही. उलट पायरी अडीच मिलिमीटरची साडेसात झाली. पायरी जितकी मोठी, तितका भार तिथे जास्त दाटतो. म्हणजे पैसे घालून शाफ्ट थोडा कमजोरच झाला. जाडी वाढवायचीच असेल तर ती बेअरिंगच्या जागेवर वाढली पाहिजे. २५ चे ३० केले तर ताकद पावणेदोनपट होते. आणि ते जमत नसेल तर निदान कोपऱ्याला गोलाई द्या.

गोलाई देताना एक अडचण येते, आणि ती माहीत नसल्यामुळे बरेच टर्नर कोपरा काटकोनी ठेवतात. बेअरिंगच्या आतल्या रिंगच्या कडेलाही गोलाई असते, छोट्या बेअरिंगला एखाद-दीड मिलिमीटरची. शाफ्टची गोलाई त्याहून मोठी झाली तर रिंग खांद्याला टेकत नाही, गोलाईवर चढून बसते, तिरपी होते आणि बेअरिंग लवकर जातं. यावर दोन तोडगे आहेत. खांद्यावर मोठी गोलाई ठेवून मधे एक रिंग घालायची, तिच्या आतल्या कडेला तिरपा काप देऊन. किंवा गोलाई खांद्याच्या उभ्या भिंतीत आत कोरायची. दोन्हींना लेथवर दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात. शेवटी तो भाग बारीक एमरी पेपरने, टूलच्या आडव्या रेषा पुसेपर्यंत घासायचा, कारण तडा नेहमी कातडीवरून सुरू होतो आणि प्रत्येक रेषा त्याला वाट दाखवते. गाडीचे कमानपाटे करणारे याच्या पुढे जातात. ते पाट्यावर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करतात. त्याने कातडी कायमची दाबलेल्या अवस्थेत राहते, आणि दाबलेल्या जागी तडा उघडायलाच तयार होत नाही.

तुटलेला शाफ्ट भंगारात टाकण्याआधी त्याचं तोंड उजेडात धरून बघावं. त्याच्यासारखा पुरावा दुसरा नाही. थकून तुटलेल्या शाफ्टच्या छेदात दोन भाग स्पष्ट दिसतात. एक गुळगुळीत, मऊ चकाकीचा, त्यावर एका बिंदूभोवती वळणं घेतलेल्या पुसट रेषा, ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा. दुसरा खरखरीत, दाणेदार, ताज्या मोडीचा. रेषांची वळणं ज्या बिंदूकडे बोट दाखवतात, तिथून तडा निघाला. गुळगुळीत भाग म्हणजे तड्याचा हळूहळू झालेला प्रवास, आठवड्यांचा किंवा महिन्यांचा. खरखरीत भाग शेवटच्या क्षणी एकदम तुटलेला. खरखरीत भाग छोटा असेल, छेदाच्या पाव किंवा त्याहून कमी, तर अर्थ असा की एवढ्याशा मटेरियलनेही शेवटपर्यंत भार पेलला. म्हणजे शाफ्ट बारीक नव्हताच. कोपरा, रेषा किंवा वेल्ड यांनी त्याला खाल्लं. खरखरीत भाग मोठा असेल तर भारच जास्त होता, तेव्हा व्यास वाढवण्यात अर्थ आहे. बिंदू एकाच बाजूला एक असेल तर तिथे खाच किंवा ओरखडा होता. परिघावर सगळीकडून तडे आत आलेले दिसले तर कोपरा तीक्ष्ण आणि वाक जास्त. सिमेंटच्या पोत्यावर फेकलेल्या या तुकड्यात पुढच्या शाफ्टचं डिझाइन लिहिलेलं असतं.

"जाड टाका" च्या खालोखाल ऐकू येतं, "भारीतलं स्टील घ्या." ईएन-८ किंवा ईएन-२४ ही पोलादं माइल्ड स्टीलपेक्षा मजबूत आहेत, यात शंका नाही, आणि योग्य जागी ती घ्यावीतच. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. कुठलंही पोलाद घ्या, स्वस्त किंवा महाग, त्याचा ताठपणा जवळपास एकच असतो: २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या आसपास. शाफ्ट लांब आहे, मधे झुकतो, थरथरतो, ही तक्रार असेल तर महागडं स्टील घेऊन एक सूतही फरक पडणार नाही. तिथे व्यास वाढवा किंवा बेअरिंगं जवळ आणा. दुसरं, पोलाद जितकं कडक आणि मजबूत, तितकं ते खाचेला जास्त घाबरतं. काटकोनी कोपरा तसाच ठेवून ईएन-२४ घातलं तर दिलेल्या पैशाचा मोठा भाग त्या कोपऱ्यातच संपतो.

तुटलेला शाफ्ट वेल्ड करून पुन्हा लेथवर मारून घेण्याची पद्धतही सगळीकडे आहे. हंगाम चालू असताना, फॅक्टरी बंद पडलेली असताना ती कुणी केली तर मी दोष देणार नाही. फक्त तो कामचलाऊ उपाय आहे हे लक्षात ठेवावं. वेल्ड थंड होताना आकसतं आणि आजूबाजूचं पोलाद ओढून धरतं, म्हणजे भार येण्याआधीच तिथे ओढ बसलेली असते. ईएन-८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास. आधी तापवून न घेता वेल्ड केलं तर शेजारची पट्टी कडक आणि ठिसूळ होते. असा शाफ्ट पुढे वेल्डमध्ये नाही, वेल्डच्या लगत तुटतो. तोवर नवा शाफ्ट करून ठेवलेला असावा.

आणि यंत्रात एखादा भाग तुटण्यासाठीच बसवलेला असतो, तो ओळखायला हवा. ट्रॅक्टरला जोडलेल्या खड्डे खोदायच्या ऑगरला शिअर बोल्ट असतो. ऑगर मोठ्या दगडात किंवा मुळात अडकला की पीळ क्षणात अनेक पटींनी वाढतो. तेव्हा हा बोल्ट कातरला जातो आणि गिअरबॉक्स वाचतो. सारखा तुटतो म्हणून शेतकरी त्या जागी कडक बोल्ट घालतात. मग पुढच्या दगडाला बोल्ट टिकतो आणि गिअरचे दात जातात. बोल्टची ताकद त्याच्या डोक्यावरच लिहिलेली असते. ४.६ असेल तर पहिला आकडा गुणिले शंभर, म्हणजे ४०० न्यूटनला तो तुटणार, आणि त्याच्या साठ टक्क्यांना, २४० ला, कायमचा लांबणार. ८.८ चे ८०० आणि ६४०, १०.९ चे १००० आणि ९००. म्हणजे ४.६ च्या जागी १०.९ घातला, तर गिअरबॉक्सवर अडीचपट फटका जाऊ द्यायची परवानगी दिली. शिअर बोल्ट मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचा आणि मापाचाच घ्यावा, आणि पेरणीच्या किंवा लागणीच्या दिवसांत तसे चार-सहा बोल्ट ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये असू द्यावेत.